पर्वरी ते बेळगाव: एसीचा गॅस जातो कुठे?

गोव्यात स्थायिक झालेले बेळगावकर आणि बेळगावात सोयरीक असलेले गोवेकर, दोघांचीही संख्या थोडीथोडकी नाही. कुणाची सासुरवाडी शहापुरात, कुणाचे डॉक्टर टिळकवाडीत, कुणाची शेतजमीन खानापूर तालुक्यात. या सगळ्यांच्या पायाखालचा रस्ता एकच, चोर्ला घाटाचा. पर्वरीहून निघालो की डिचोली, साखळी, केरी, अंजुणे धरण, मग घाट, वर कणकुंबी, पुढे जांबोटीचे रान आणि पिरनवाडीवरून बेळगाव. वाटेत फार न थांबता तीन तासांचा प्रवास.

या तीन तासांत हवा मात्र दोनदा बदलते. खाली मे महिन्यात पारा ३४-३५ अंशांच्या पुढे फारसा जात नाही, पण हवेत ओल इतकी की सकाळी आठला शर्ट अंगाला चिकटतो. साखळी-डिचोलीच्या खाणपट्ट्यात त्यात लाल धूळ मिसळते. घाट चढून सुमारे ८०० मीटर उंचीवर आलो की वारा कोरडा आणि हलका होतो. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे काच खाली करावीशी वाटते. बेळगावही जवळजवळ तितक्याच उंचीवर. उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी गच्चीवर बसता येईल असे आमचे गाव.

गाडीच्या एसीची खरी परीक्षा याच रस्त्यावर होते. एसीला दोन कामे करावी लागतात. हवा थंड करायची आणि तिच्यातले पाणी काढून टाकायचे. गोव्याच्या दमट हवेत त्याची निम्मी ताकद या दुसऱ्या कामातच खर्च होते. शिवाय घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढते, समोरून वारा कमी लागतो आणि इंजिन तापलेले असते. गॅस थोडासाही कमी असेल तर एसी इथेच मान टाकतो. तीच गाडी बेळगावात सकाळी अकराला मेकॅनिकला दाखवा, तो जाळीवर हात धरून म्हणेल, "गार आहे की ओ." दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

आमच्या घरी हा प्रश्न नुसत्या आरामाचा नव्हता. आईला दमा आहे. ती पर्वरीला आमच्याकडे राहते, पण तिचे डॉक्टर बेळगावचे, वीस वर्षांपासूनचे, आणि दर दीड महिन्याला तिला त्यांच्याकडे न्यावे लागते. काचा खाली करून डिचोली-साखळी पार करायची म्हणजे धूळ आणि ट्रकचा धूर. पुढचे दोन दिवस पंप आणि नेब्युलायझर. काचा बंद ठेवल्या तर घुसमट. म्हणून एसी चालणे ही आमच्यासाठी औषधाइतकीच गरजेची गोष्ट होती.

"गॅस सोंपला"

मार्चच्या सुरुवातीला थंडावा कमी झाला. पर्वरीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तिथल्या मुलाने बॉनेट उघडले, गेज लावला आणि म्हणाला, "गॅस सोंपला, घालया." अर्ध्या तासात काम झाले. बिल १,९०० रुपये. बिलावर एकच ओळ, 'एसी गॅस रिफिल'. किती ग्रॅम घातला, आधी किती होता, गळती पाहिली का, यातले काहीच त्यावर नव्हते. सात आठवडे छान गेले. एप्रिल संपता संपता पुन्हा गरम हवा.

गाडीच्या एसीतला गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो एका बंद नळीत गोल फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि आतली उष्णता शोषून घेतो. रबरी होज आणि जोडांमधून वर्षाला काही ग्रॅम झिरपतात, तेवढे चालते. पण सात आठवड्यांत थंडावा जातो तेव्हा कुठेतरी भोक आहे, हे नक्की. ते भोक न शोधता गॅस भरणे म्हणजे आमच्या धंद्यात सर्व्हर रोज रात्री रीस्टार्ट करण्यासारखे. सकाळी सगळे ठीक वाटते, मेमरी मात्र गळतच राहते.

त्यात हा गॅस निरुपद्रवीही नाही. जुन्या गाड्यांत आर-१२ असे. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याची गच्छंती झाली. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात वजनाला वजन लावले तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त जबर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत अजून तोच आहे. म्हणजे दर उन्हाळ्याला गॅस भरणारा माणूस दर उन्हाळ्याला तेवढाच गॅस आकाशात सोडत असतो, तोही पैसे देऊन.

दुसऱ्या वेळी मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. काचेचे ऑफिस, कॉफीचे यंत्र, हातात टॅब घेतलेला सल्लागार. दोन तासांनी त्यांनी अंदाजपत्रक दिले. कंडेन्सर, कूलिंग कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर, गॅस आणि डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी मिळून ४१,६०० रुपये. मी विचारले, "यातलं नक्की गळतंय काय?" उत्तर आले, "सर, सगळं एकदम बदललं की पुन्हा कटकट नको."

त्यांची बाजू मला अगदीच कळत नव्हती असे नाही. त्यांनी एकच भाग बदलला आणि महिन्याने दुसरीकडून गळती निघाली तर गिऱ्हाईक भांडायला येणार. डॅशबोर्ड उतरवणे हे जवळजवळ पूर्ण दिवसाचे काम, ते दोनदा करायची कुणाचीच इच्छा नसते. पण त्यांच्या त्या सावधगिरीची किंमत मी भरायची होती, आणि सात वर्षे जुन्या गाडीसाठी ती फार होती. मी गाडी घेऊन निघालो.

उद्यमबागेतला एक दिवस

मे महिन्यात आईची डॉक्टरांची तारीख होती. पहाटे साडेचारला निघालो, खाणपट्टा जागा व्हायच्या आत साखळी ओलांडली आणि उजाडता उजाडता कणकुंबी गाठली. आईला टिळकवाडीला मावशीकडे सोडले आणि गाडी उद्यमबागेत नेली.

बाहेरगावच्या माणसाला बेळगाव म्हणजे कुंदा, लष्कर आणि सीमाप्रश्न एवढेच माहीत असते. खानापूर रोडला तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढे उद्यमबाग लागते, ते दुसरे बेळगाव. ओतीव लोखंडाच्या फौंड्र्या, लेथ, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह करणारे छोटे छोटे कारखाने. मी बीई केले ते कॉलेजही इथेच. आमच्या वर्गाच्या खिडकीतून ओतकामाचा वास यायचा. या भागातल्या माणसांना दाब, गळती आणि सील हे शब्द पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. ज्याचा काका व्हॉल्व्हच्या कारखान्यात टेस्टिंगला होता, तो भाचा गाडीच्या एसीकडे वेगळ्या नजरेने बघतो.

मी गेलो ते मिस्त्री तसेच. वय पन्नाशीचे, मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच वाक्यात बोलणारे. माझी हकीकत ऐकून म्हणाले, "गॅस म्हणजे काय पेट्रोल नव्हे की ओ संपायला. कुठनं तरी जालालाय." आणि लगेच पुढची अट सांगितली. शोधायचे १,२०० रुपये वेगळे. दुरुस्ती त्यांच्याकडे केली काय, न केली काय, हे पैसे द्यायचे. "यावरनंच गिऱ्हाईक भांडतंय बघा. बोट दाखवायचे बाराशे काय म्हणून."

मी लगेच हो म्हटले. मला हवे होते ते बोटच.

पुढचे चार तास मी स्टुलावर बसून पाहत होतो. त्यांनी आधी काहीच खोलले नाही. बॅटरीवर धावत्या नजरेने बॅटरी, पंखा, कॉम्प्रेसरचा क्लच बघितला. एसी लावला की क्लच टक्क करून बसत होता आणि पाच-सहा सेकंदांत सुटत होता. गॅस कमी झाला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी असे करतो. केबिन फिल्टर काढून झटकला. कूलिंग कमी असण्याचे निम्मे तरी कारण पुष्कळदा एवढेच निघते, असे त्यांचे म्हणणे. गाडीखाली पाणी ठिबकत होते, त्याकडे बोट करून मी विचारले. ते हसले. ते पाणी म्हणजे कॉइलवर जमलेले दव, ते पडायलाच पाहिजे. पुढच्या सीटच्या पायाशी गालिचा भिजला तर पाण्याची नळी तुंबलेली असते, त्याचाही गॅसशी संबंध नाही.

मग गेज. गाडी बंद असताना दाब जवळजवळ शंभर पीएसआय दिसला. मला वाटले, गॅस भरपूर आहे की. मिस्त्रींनी घरच्या सिलिंडरचे उदाहरण दिले. सिलिंडर भरलेला असो की पाव राहिलेला, शेगडीची ज्योत सारखीच असते. म्हणून आपण तो हलवून बघतो. आर-१३४ए चेही तेच. तीस अंशांना त्याचा दाब साधारण ९७ पीएसआय, आणि आत थोडा जरी द्रव उरला असेल तोवर हा आकडा खाली येत नाही. त्यामुळे बंद गाडीवर गेज लावून गॅस किती आहे ते सांगता येत नाही. गॅस बाहेर काढून वजन करायचे, एवढा एकच खात्रीचा मार्ग.

त्यांनी मशीनवर गॅस काढला. १७० ग्रॅम भरला. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिले होते ४०० ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून जास्त गेला होता.

काढण्याआधी त्यांनी एक इलेक्ट्रॉनिक स्निफर जोडाजोडांवरून फिरवला होता. गॅसचा मागमूस लागला की हे यंत्र पिकपिक करते. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून प्रत्येक जोडाच्या खालच्या अंगाला ते धरायचे. कॉइल तपासायला ब्लोअर थोडा वेळ लावून बंद केला आणि स्निफरचे टोक पाण्याच्या नळीपाशी नेले. कॉइल गळत असेल तर गॅस तिथून खाली उतरतो. यंत्र गप्प राहिले. कंडेन्सरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मात्र ते ओरडले.

बंपर खाली उतरल्यावर कारण डोळ्यांनी दिसले. जाळीच्या त्या कोपऱ्यात वाळलेली पाने, लाल माती आणि पांढरट बुरशीसारखा थर साचला होता. खाली तेलकट डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते, म्हणून जिथे गॅस सुटतो तिथे तेल पाझरते आणि धूळ धरते. हा डाग शोधायला कसलेही यंत्र लागत नाही, फक्त बंपर उतरवायचे कष्ट लागतात.

शेवटची खात्री नायट्रोजनची. सिलिंडरमधून कोरडा नायट्रोजन दीडशे पीएसआयपर्यंत भरला आणि साबणाचे पाणी ब्रशने लावले. कोपऱ्यात तीन ठिकाणी बारीक फेस फुलला. आणखी एक बुडबुडा कॉम्प्रेसरजवळच्या जोडावर, तिथला ओ-रिंग कडक झाला होता. मग त्यांनी कॉइलचे दोन्ही पाइप सोडवून तिला वेगळी बंद केली आणि तिच्यातही दाब भरला. चाळीस मिनिटे काटा हलला नाही. डॅशबोर्ड उतरवायचे कारणच उरले नाही.

काही ठिकाणी नायट्रोजनऐवजी टायरची हवा भरतात, हेही त्यांनी सांगितले. त्या हवेत पाण्याची वाफ असते. ती आत राहिली की तेल खराब होते, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ धरतो. आणि नुसता व्हॅक्यूम ओढून "काटा धरलाय, लीक नाही" म्हणणारेही असतात. पण व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त हवेचा, म्हणजे सुमारे १५ पीएसआय, दाब पडतो. गाडी चालते तेव्हा कंडेन्सरमध्ये आतून बाहेर दोनशेच्या वर असतो. बारीक भोक पहिल्या परीक्षेत पास होऊन दुसरीत नापास होते.

मीठ आणि माती

हे भोक पडले कसे? मिस्त्रींनी गाडीची नंबर प्लेट बघूनच अर्धे उत्तर दिले होते. कंडेन्सर ॲल्युमिनियमचा, त्याच्या नळ्यांची भिंत कागदाच्या पुठ्ठ्याइतकी. खाऱ्या वाऱ्यातले मीठ त्यावर बसते. पावसाळ्यात चिखल उडतो, तो खालच्या कोपऱ्यात अडकतो आणि ओल धरून ठेवतो. मीठ आणि ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम खड्ड्याखड्ड्यांनी पोखरला जातो. बेळगावातच फिरणाऱ्या गाड्यांचे कंडेन्सर त्यांच्याकडे येतात ते बहुधा दगड लागून. गोव्याच्या गाड्यांचे येतात ते सडून.

दगडाने एकच भोक पडले असेल तर विम्याचा क्लेम मागता येतो, पण मग नो क्लेम बोनस जातो, तेव्हा आधी हिशोब करायचा. सडण्याला विमा लागू नाही. अर्गन वेल्डिंगने भोक बुजवून देणारेही आहेत. मी विचारले, तर ते म्हणाले, "एक बुजवतो, शेजारी दुसरं पडायला टेकलेलं असतंय. तुमचे पैसे आणि माझं नाव, दोन्ही जातंय."

कंडेन्सरचे तीन पर्याय त्यांनी समोर ठेवले. बिनबिलाचा ३,२०० चा. नावाजलेल्या कारखान्याचा, एक वर्षाच्या हमीचा, ५,८०० चा. गाडीच्या कंपनीचा ८,९०० चा, तीन दिवस थांबून. मी मधला घेतला. ओलावा शोषणारा ड्रायर त्याच्यातच बसवलेला होता. एसी उघडला की तो नवा घालावाच लागतो.

जोडणी झाल्यावर पुन्हा नायट्रोजन, पुन्हा चाळीस मिनिटे. मग पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे आत राहिलेले पाणी उकळून निघून जाते. आणि शेवटी काट्यावर मोजून ४०० ग्रॅम गॅस. संध्याकाळी बिल हातात आले ते असे: शोधण्याचे १,२००, कंडेन्सर ५,८००, ओ-रिंग २४०, तेल ३५०, गॅस १,६००, मजुरी १,८००. बेरीज १०,९९०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १२,९६८ रुपये. जुना कंडेन्सर त्यांनी न मागता डिकीत ठेवला. बिलाच्या खाली पेनाने लिहिले, 'निघाला १७०, भरला ४००', आणि तारीख.

परतताना मी जाळीत स्वयंपाकघरातला थर्मामीटर अडकवला होता. बेळगाव सोडताना ७ अंश, साखळीच्या बाजारात दुपारी दीड वाजता ११. आई मागच्या सीटवर शाल घेऊन झोपली होती.

तुमच्यासाठी चार गोष्टी

आपल्या मंडळींपैकी बरेच जण समुद्रकाठी राहतात आणि सणासुदीला घाट चढतात. त्यांच्यासाठी एवढे लिहून ठेवतो.

गॅस भरायला सांगण्याआधी तो गेला कुठे, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसरीकडे जा. शोधण्याचे पैसे वेगळे मागणाऱ्यावर रागवू नका. जो फुकट शोधतो त्याला ते पैसे कुठल्यातरी भागातून काढावेच लागतात, आणि मग न गळणारा भागही गळका ठरतो.

कूलिंग कॉइल बदलायला सांगितली तर ती वेगळी दाबून दाखवा, असे म्हणा. डॅशबोर्ड उतरवण्याआधीच हे करता येते. बदललेला भाग परत मागा. किती ग्रॅम निघाला आणि किती भरला, हे बिलावर लिहून घ्या. पुढच्या वर्षी थंडावा कमी झालाच तर हा एक आकडा दहा प्रश्नांची उत्तरे देतो.

पावसाळा संपला की कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यातली पाने काढून साध्या नळाच्या पाण्याने जाळी धुवा. जोराचा फवारा मारू नका, पाती वाकतात. किनाऱ्यावर गाडी उभी केली असेल तर घरी आल्यावरही तसेच करा. आणि पावसाळ्यात, बेळगावच्या थंडीतसुद्धा, आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवा. तेल फिरत राहते, कॉम्प्रेसरचे सील सुकत नाही.

उद्यमबागेत असे मिस्त्री एकटेच नाहीत. म्हापशात, मडगावात, तुमच्या गावातही असतील. त्यांच्या दुकानात कॉफीचे यंत्र नसते आणि पाटीवरची अक्षरे उडालेली असतात. ओळखायची खूण सोपी आहे. आधी भाव सांगत नाहीत, आधी बॉनेट उघडतात.